नैराश्यावरच्या गोळ्या आणि वजन: अनुभव, माहिती, शंका

रानजाई

मनाच्या आजारावर गोळ्या घेणाऱ्या माणसाला वजनाबद्दल बोलायची चोरी असते. "बरी झालीस ना, मग चार किलोंचं काय घेऊन बसलीस?" हे मी घरी ऐकलंय, मैत्रिणींकडून ऐकलंय, आणि एकदा तपासणीच्या खोलीतही ऐकलंय. मला ते पटत नाही. वजन वाढलं म्हणून गुपचूप गोळ्या सोडणारी माणसं मी जवळून पाहिली आहेत. त्यांचा आजार परत उलटला तेव्हा चार किलोंची गोष्ट किरकोळ राहिली नव्हती. म्हणून हा धागा.

आधी माझं सांगते. मी एस्सिटॅलोप्रॅम घेते आणि ती गोळी मला लागू पडली आहे. झोप लागते, कामात लक्ष लागतं, फोन वाजला की छातीत धस्स होत नाही. पहिले काही महिने वजन जागचं हललं नाही. नंतर मात्र हळूहळू कपडे घट्ट व्हायला लागले, आणि माझं खाणं तर फारसं बदललं नव्हतं.

यावर जे वाचलं त्यातलं ठोस तेवढं देते. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या १,८३,११८ रुग्णांच्या नोंदींवर एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. नैराश्यावरची आठ औषधं नव्याने सुरू केलेल्या लोकांची तुलना त्यात केली होती. सर्ट्रालिन हा मापदंड धरला, तर सहा महिन्यांनी एस्सिटॅलोप्रॅम घेणाऱ्यांचं वजन सरासरी ०.४१ किलोने जास्त होतं, पॅरॉक्सेटिनवाल्यांचं ०.३७ आणि ड्युलॉक्सेटिनवाल्यांचं ०.३४ किलोने. फ्लुऑक्सेटिन जवळपास सर्ट्रालिनइतकंच. बुप्रोपिऑनवाल्यांचं वजन ०.२२ किलोने कमी.

आकडे बघून कुणीही म्हणेल, एवढंच? मलाही आधी तसंच वाटलं. पण ही सरासरी आहे. सरासरीत एकाचं आठ किलो वाढलेलं आणि दुसऱ्याचं पाच किलो घटलेलं एकमेकांत जिरून जातं. त्याच अभ्यासात एस्सिटॅलोप्रॅम, पॅरॉक्सेटिन किंवा ड्युलॉक्सेटिन घेणाऱ्यांमध्ये मूळ वजनाच्या ५ टक्के किंवा जास्त वाढ होण्याची शक्यता सर्ट्रालिनपेक्षा १० ते १५ टक्क्यांनी अधिक दिसली. शिवाय सहा महिने हा काही शेवट नाही. सर्ट्रालिनवाल्यांचंही वजन दोन वर्षांत सरासरी दीड किलोच्या आसपास वाढलं होतं.

तुमचे अनुभव लिहा. वाढलेलं, घटलेलं, तसंच राहिलेलं, सगळं. फक्त एक विनंती: "मी गोळी सोडली आणि बारीक झालो" एवढंच लिहून जाऊ नका. पुढे काय झालं तेही लिहा.

पाणकणीस

धागा काढलात, बरं झालं. मी मिर्टाझापिनवर होतो. त्या गोळीची भूक ज्याला माहीत आहे त्यालाच ती कळेल. रात्री गोळी घेतली की तासाभरात डोळे जड व्हायचे, आणि त्याच वेळी पोटात खड्डा पडायचा. रात्रीचं जेवण पोटभर झालेलं असायचं, तरीही. अर्धवट झोपेत मी स्वयंपाकघरात उभा, दिवा न लावता, हाताला लागेल तो डबा उघडतोय. गोडाचा डबा असला तर तो आधी. सकाळी ओट्यावर उघडं झाकण बघून बायको विचारायची, रात्री उठला होतात का? मला धड आठवायचंही नाही.

वजन भराभर वाढलं. पण खरं सांगायचं तर त्याआधी कित्येक महिने मी सलग झोपलो नव्हतो, आणि ती झोप मला याच गोळीने दिली. त्यामुळे तिला नावं ठेवायला जीभ रेटत नाही.

उत्तरायण

वेगळं मत मांडतो, राग मानू नये. गोळीत कॅलरी नसतात. वजन वाढतं ते खाल्ल्यामुळे आणि न हलल्यामुळे. नैराश्यात माणूस अंथरुणाला खिळतो, चालणं थांबतं, वेळीअवेळी खाणं होतं. गोळी सुरू होते तीही नेमकी याच काळात. मग वाढलेलं वजन सगळंच्या सगळं गोळीच्या खात्यावर का टाकायचं? शिवाय वर दिलेला अभ्यास नोंदींवरून केलेला आहे. कुणाला कुठली गोळी द्यायची हे डॉक्टरांनी ठरवलं होतं. त्यातून कारण सिद्ध होत नाही.

रानजाई

उत्तरायण, राग कशाला? नोंदींच्या अभ्यासावरचा तुमचा आक्षेप रास्त आहे. त्याच अभ्यासात आणखी एक अडचण होती: सहा महिन्यांनी बहुतेकांची गोळी नियमित चालूच नव्हती.

पण "गोळीत कॅलरी नसतात" याने पाणकणीस यांच्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. पोटभर जेवलेल्या माणसाला तासाभरात पुन्हा भूक का लागावी? खाल्लं म्हणून वाढलं हे खरंच आहे, पण ती भूक आली कुठून? इच्छाशक्ती कमी पडली असं म्हणून हा विषय बंद होतो, आणि रुग्ण गप्प बसतो. हेच मला टाळायचं आहे.

काजवा

मी मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करते. इथे कुणाच्या गोळ्या ठरवणार नाही, पण भूक कुठून येते यावर सविस्तर लिहिते.

मिर्टाझापिन मेंदूतल्या हिस्टामिन या रसायनाच्या एच-१ ग्राहींना (ते रसायन जिथे येऊन काम करतं त्या जागांना) अडवतं. सर्दीच्या काही जुन्या गोळ्याही हेच करतात, म्हणून त्यांनी झोप येते. एच-१ अडला की गुंगी येते आणि भूकही वाढते. त्यात हे औषध सेरोटोनिनचा ५-एचटी-२सी नावाचा ग्राहीही अडवतं, आणि त्या ग्राहीचं एक काम पोट भरल्याची जाणीव देणं हे असतं. म्हणजे भूक वाढवणारी बाजू जोरात आणि "पुरे" म्हणणारी बाजू मंद. या औषधाच्या अमेरिकेतल्या अधिकृत माहितीपत्रकात १७ टक्के रुग्णांची भूक वाढल्याची नोंद आहे. नकली गोळी घेणाऱ्या गटात हेच प्रमाण २ टक्के होतं. उत्तरायण, हे आकडे ज्या चाचण्यांतले आहेत त्यांमध्ये कुणाला काय मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं, त्यामुळे तुमचा आक्षेप इथे लागू होत नाही.

जुन्या ट्रायसायक्लिक गटातल्या अॅमिट्रिप्टिलिनचंही असंच आहे. डोकेदुखी किंवा नसांच्या दुखण्यासाठी ते कमी डोसमध्ये देतात, आणि आपण कुठल्या गटातलं औषध घेतोय हे त्या रुग्णांना बहुतेक वेळा माहीतही नसतं.

एसएसआरआय गटाची, म्हणजे मेंदूतलं सेरोटोनिन वाढवणाऱ्या सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्रॅम, फ्लुऑक्सेटिन, पॅरॉक्सेटिन यांसारख्या गोळ्यांची, गोष्ट इतकी सरळ नाही. फ्लुऑक्सेटिनवर सुरुवातीच्या आठवड्यांत भूक थोडी मंदावते, क्वचित वजन उतरतं, आणि पुढच्या महिन्यांत ते भरून निघतं. या गटात वजनाच्या बाबतीत पॅरॉक्सेटिन सगळ्यात बदनाम आहे. दीर्घकाळात वजन का वाढतं याला एकच कारण देता येत नाही.

उत्तरायण यांचा मुद्दा एका बाजूने महत्त्वाचा आहे. निदानाच्या निकषांतच वजन आहे: प्रयत्न न करता महिन्याभरात ५ टक्क्यांहून जास्त घट किंवा वाढ हे नैराश्याचं एक लक्षण धरतात. ज्याची अन्नावरची वासना उडाली होती तो बरा होताना वजन भरतो. ते आजाराने नेलेलं वजन परत आलेलं असतं. उलट काहींना नैराश्यातच जास्त भूक आणि जास्त झोप असते, त्यांचं वजन बरं होताना उतरूही शकतं. म्हणून मी नेहमी विचारते, आजारी पडण्याच्या आधी वजन किती होतं? गोळी सुरू केली त्या दिवशीचं वजन एकटं फसवं असतं.

एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते. नैराश्यावरच्या पहिल्या औषधांपैकी एक, इप्रोनियाझिड, मुळात क्षयरोगासाठी होतं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात ते क्षयाच्या रुग्णांना दिलं गेलं. खंगलेली माणसं हसू-बोलू लागली, हौसेने जेवू लागली, त्यांची वजनं वाढली. तिथे वाढतं वजन ही आनंदाची बातमी होती.

सोनसळी

काजवाताई, शेवटचं वाचून आईची आठवण झाली. बाबा गेल्यानंतर तिचं जेवण तुटलं. ताटावर बसायची, दोन घास घ्यायची, उठायची. तिचं मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत घसरायचं, दर वेळी हात वर करून ते खाली आणायची. तिला मिर्टाझापिन दिलं ते झोप आणि भूक दोन्हीसाठी, असं डॉक्टरांनी आधीच समजावून सांगितलं होतं. हळूहळू घड्याळ मनगटावर राहायला लागलं. आमच्या घरात या गोळीबद्दल कृतज्ञताच आहे. एकाला नको असलेला परिणाम दुसऱ्याला हवा असतो, हेही इथे नोंदलेलं असावं म्हणून लिहिलं.

मुक्काम

रानजाई यांनी "पुढे काय झालं ते लिहा" म्हटलंय, म्हणून माझ्या धाकट्या भावाचं लिहितो. तो व्हेन्लाफॅक्सिनवर होता. वजन वाढलं म्हणून कुणाला न सांगता त्याने गोळ्या एका झटक्यात बंद केल्या. दोनच दिवसांत चक्कर, मळमळ, आणि मान वळवली की डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं. घरच्यांना वाटलं मेंदूचं काही झालं. डॉक्टरांनी तीच गोळी पुन्हा सुरू केली आणि ते सगळं ओसरलं. मग कितीतरी आठवडे डोस थोडा थोडा उतरवत दुसरं औषध सुरू केलं.

मला जास्त लागलं ते हे की वजनाबद्दल त्याने आधी दोनदा सांगायचा प्रयत्न केला होता आणि दोन्ही वेळा ते हसण्यावारी गेलं. त्यातलं एकदा तर माझ्यासमोर. ऐकून घेतलं असतं तर त्याने परस्पर गोळी सोडली नसती, असं मला मनापासून वाटतं.

काजवा

मुक्काम, भावाला जे झालं ते गोळी अचानक थांबवल्याने होतं. व्हेन्लाफॅक्सिन आणि पॅरॉक्सेटिन शरीरातून लवकर निघून जातात, त्यामुळे त्यांच्याबाबतीत हा त्रास जास्त. फ्लुऑक्सेटिन आठवडेच्या आठवडे रेंगाळतं, म्हणून तिथे कमी. ही लक्षणं म्हणजे गोळीचं व्यसन लागलं असं नाही, पण ती खरी असतात आणि घाबरवतात. आणि काही आठवड्यांनी मूळ आजार उलटण्याचा धोका असतो तो निराळाच.

पाणकणीस

डॉक्टर, एक सरळ प्रश्न. बुप्रोपिऑनने वजन वाढत नाही, उलट थोडं उतरतं, तर मग सगळ्यांना तेच का देत नाहीत?

काजवा

हा प्रश्न मला दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारतं. वजनाच्या बाबतीत ते उजवं आहे हे खरं. २०१४ मध्ये नाल्ट्रेक्सोनबरोबरच्या त्याच्या मिश्रणाला अमेरिकेत लठ्ठपणासाठीही मान्यता मिळाली. पण ज्यांना फिट्स येतात त्यांना ते देत नाहीत, कारण फिट येण्याचा धोका वाढतो. बुलिमिया किंवा अॅनोरेक्सिया हे खाण्याचे आजार असलेल्यांनाही नाही, आत्ताच काय, पूर्वी होता तरी नाही. फार दारू पिणाऱ्याने ती एकाएकी सोडली असेल तेव्हाही नाही. शिवाय त्याने झोप उडू शकते, जीव कासावीस होऊ शकतो. ज्याच्या नैराश्यात घालमेल आणि भीतीच जास्त आहे त्याला एसएसआरआय अधिक उपयोगी पडतात. गोळी निवडताना वजन हा एक निकष असतो, पहिला निकष माणूस बरा होणं हाच.

आणि एक. पुष्कळदा दोष दिला जातो नैराश्याच्या गोळीला आणि वजन वाढवत असते तिच्या जोडीची गोळी. ओलान्झापिन, क्वेटियापिन, लिथियम, व्हॅल्प्रोएट या मनाच्या आजारांवरच्या इतर औषधांची नावं आपल्या चिठ्ठीवर आहेत का बघा. ओलान्झापिनची वजनवाढ ही नैराश्यावरच्या बहुतेक गोळ्यांपेक्षा कितीतरी मोठी असते, आणि त्यावर साखर-चरबीच्या रक्ततपासण्याही वेळच्या वेळी व्हायला हव्यात. स्टेरॉइड, प्रीगॅबालिन, इन्सुलिन यांनीही वजन वाढतं. थायरॉइड मंदावलं की मरगळ येते आणि वजनही वाढतं, म्हणून टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी एकदा करून घ्यावी. लिथियमवर असाल तर ती नियमितच करतात.

तिन्हीसांजा

इथे सगळे वजन मोजा म्हणतील त्याआधी माझं ऐका. मला खाण्याचा आजार होता. किशोरवयात सुरू झाला, सुटायला फार काळ गेला. आता नैराश्यासाठी गोळी घेते. माझ्यासारखीला "दर आठवड्याला वजन लिहून ठेवा" हा सल्ला थेट जुन्या खड्ड्यात ढकलतो. आकडा दिसला की दिवसभर तोच डोक्यात.

मी एक मार्ग काढला, तो कुणाच्या कामी आला तर येऊ दे. तपासणीला गेले की काट्यावर पाठमोरी उभी राहते. परिचारिका आकडा बघते, मोठ्याने न वाचता कागदावर लिहिते, कागद पालथा ठेवते. डॉक्टरांना तो दिसतो, मला नाही. काळजीसारखं काही असेल तर त्या मला आकडा न सांगता तेवढं सांगतात. पहिल्यांदा हे मागताना अवघड वाटलं होतं. पण कुणीही का म्हणून विचारलं नाही.

काजवा

तिन्हीसांजा, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. अगदी योग्य मागणी आहे ही, आणि कुठल्याही दवाखान्यात ती मान्य व्हायला हवी. खाण्याच्या आजाराचा इतिहास असेल तर तो गोळी सुरू करायच्या आधीच सांगावा, कारण निवड बदलते. बुप्रोपिऑन बाद होतं. याउलट फ्लुऑक्सेटिन ६० मिलिग्रॅमच्या डोसमध्ये बुलिमियावरच मान्यताप्राप्त औषध आहे.

उत्तरायण

भुकेची यंत्रणा वाचली. ती भूक इच्छाशक्तीने हटत नाही हे मान्य. तरी चालण्या-फिरण्याचा माझा आग्रह मी सोडणार नाही. वजन उतरो न उतरो, व्यायामाने मनालाही उभारी येते, हे मी स्वतः अनुभवलंय.

आता व्यवहाराचं विचारतो. किती वाढलं की डॉक्टरांना सांगायला जायचं? दर किलोला कुणी जाणार नाही.

काजवा

व्यायामाबद्दल दुमत नाही. सौम्य आणि मध्यम नैराश्यात त्याचा फायदा चांगला सिद्ध झालेला आहे. फक्त ज्याला अंथरुणातून उठून दात घासणं जड जातंय त्याला आजपासून रोज चाल असं सांगू नये. आधी गोळीने किंवा समुपदेशनाने थोडं बळ येऊ द्यावं.

किती वाढलं की सांगायचं, तर ५ टक्के हा अभ्यासांमध्ये वापरला जाणारा उंबरठा व्यवहारातही बरा पडतो. ६० किलोच्या माणसाला ३ किलो, ८० किलोच्या माणसाला ४. पण मी त्याच्या आधीचीच खूण बघते. पहिल्या महिन्यातच भूक एकदम बदलली, रात्री उठून खाणं सुरू झालं, तर काट्याची वाट न बघता फोन करा. सुरुवातीला झपाट्याने वाढणाऱ्यांचं पुढेही वाढत राहतं, असं आम्ही पुष्कळदा पाहतो. आणि वर्षभर काही झालं नाही म्हणून लक्ष काढून घेऊ नका. ब्रिटनमधल्या सुमारे तीन लाख लोकांचा दहा वर्षांचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात वजनवाढीचा धोका उपचारांच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी सगळ्यात जास्त दिसला. रानजाई, तुमचे सुरुवातीचे महिने कोरडे गेले आणि नंतर वाढलं, हे त्याच्याशी जुळणारं आहे.

सांगितल्यावर डॉक्टर काय करू शकतात? डोस खरंच एवढा लागतो का ते बघणं. जोडीचं औषध कमी करणं. वजनाला सौम्य औषधाकडे हळूहळू वळणं, व्हॉर्टिऑक्सेटिन हे तसं एक. ओलान्झापिनसारख्या औषधाने वाढलेल्या वजनासाठी काही वेळा मधुमेहावरचं मेटफॉर्मिन देतात. आणि कधी कधी सगळं तोलून "आत्ता हीच गोळी चालू ठेवूया, तुमची तब्येत नुकतीच सावरते आहे" असाही निर्णय होतो. तो तुमच्याशी बोलून झालेला असला म्हणजे झालं.

रानजाई

हे मी माझ्या डॉक्टरांपुढे ठेवणार आहे. आजारी पडायच्या आधीचं वजन, गोळी सुरू झाली तेव्हाचं, आताचं, आणि वाढायला सुरुवात साधारण कधी झाली, एवढं एका कागदावर लिहून नेणार. तोंडी सांगायला गेलं की माझे शब्द अडकतात आणि वेळ संपून जातो. टीएसएचचंही विचारते.

मुक्काम

आणि जमलं तर कुणाला तरी बरोबर न्या. भावाबरोबर मी जायला लागलो तेव्हापासून त्याचं म्हणणं पूर्ण ऐकलं जातं. हे असं असायला नको, पण आहे.

नवी_पालवी

सगळा धागा वाचला. मला कालच सर्ट्रालिन लिहून दिलंय, पाकीट अजून उघडलेलं नाही. खरं सांगते, हे वाचून घ्यावी की नको असं झालंय.

पाणकणीस

पालवी, घ्या. वजन वाढलेला माणूस तुम्हाला हे सांगतोय. मी मिर्टाझापिनवरून दुसऱ्या गोळीवर आलो, रात्रीची ती भूक गेली, वजन थोडं उतरलं, थोडं राहिलंय. पण गोळी घेतलीच नसती तर हे लिहायला मी असतो की नाही, मला सांगता येत नाही.

काजवा

पालवी, सर्ट्रालिन घेणाऱ्या पुष्कळ जणांचं वजन फारसं हलतही नाही. सुरुवातीला मळमळ, पोट बिघडणं, थोडी अस्वस्थता येऊ शकते, ती बहुतेक आठवड्या-दोन आठवड्यांत निवळते. मन सावरायला दोन ते चार आठवडे, कधी जास्त लागतात, तेवढा धीर धरा. वय पंचविशीच्या आत असेल तर पहिल्या काही आठवड्यांत घरच्या कुणाला तरी लक्ष ठेवायला सांगा. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार वाढले तर पुढच्या भेटीची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. हे कुठल्याही वयाला लागू आहे.

गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना वजनाची भीती वाटते हे स्पष्ट सांगा. खाण्याच्या आजाराचा काही इतिहास नसेल, तर आजचं वजन एकदा लिहून ठेवा आणि सुरू करा.

नवी_पालवी

वय एकोणतीस, तसा इतिहास काही नाही. वजन लिहून ठेवलं. नवऱ्यालाही हा धागा वाचायला दिलाय. उद्या सकाळी नाश्त्यानंतर पहिली गोळी घेते. मळमळ फारच झाली तर इथे विचारेन.